मांडीवरची बाहुली

दौंडच्या चौकात मांडवगणला जाणारी वडाप जीप भरत होती. झुंबरबाई नातीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या होत्या. शेजारचा ड्रायव्हर विक्रम मागं वळून भिमाजीआबांशी बोलत होता.

"दिल्लीचं गाड्यांचं प्रदर्शन बघून आलास म्हणं?"

"व्हय आबा. तिथं टीव्हीवर दावलं, नवीकोरी गाडी मुद्दाम भिंतीवर घातली."

"मुद्दाम? कशापायी?"

"आतली माणसं वाचत्यात का, ते बघाया."

"आत माणसं बसवली व्हती?"

"न्हाई वो, माणसाएवढ्या बाहुल्या. पुढं बाई, तिच्या मांडीवर लेकरू."

"मंग?"

"बाई पट्ट्यामुळं जाग्यावर ऱ्हायली. लेकरू काच फोडून भाईर."

"आरं देवा! बाहुलीच ती, पर अंगावर काटा आला बघ."

"मला तर दोन दिस घास उतरंना, आबा."

झुंबरबाईंचा हात सीटच्या कडेनं चाचपत गेला.

"काय हुडकताय, मावशी?"

"पट्टा."

"त्यो कवाच कापून टाकला. त्येच्यापायी पुढं चौघं बसत नव्हती. नातीला नीट धरा आन् वाईच सरका, अजून दोघी यायच्यात."