थरथरतो हात, ठोकतात गुडघा

...आणि हातोडी हो! तुम्हाला सांगतो, डॉक्टरच्या खिशात थर्मामीटर असावा, पेन असावं, हातोडी कशाला? थरथरतो हात माझा, आणि हे ठोकतात गुडघा! पाय टुणकन उडाला तर म्हणतात, "उत्तम." अहो, उत्तम काय? जरा पुढे वाकला असतात तर दात गेले असते तुमचे!

मुळात हे सगळं त्यांनीच सुरू केलं. हे मेंदूचे डॉक्टर दर शनिवारी माझ्याच खुर्चीत दाढीला बसायचे. उभा जन्म मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलाय, कुणाला ओरखडा नाही. त्या शनिवारी ऐन गळ्याशी आलो आणि यांनी माझं मनगटच धरलं, "कधीपासून थरथरतोय हा?" भर दुकानात! बाकड्यावरच्या एकाला लगेच आठवलं की गॅस चालू राहिलाय, दुसऱ्याला बायकोचा फोन आला, फोन न वाजताच... तेव्हापासून दाढीला माणूस फिरकेना. आणि वस्तरा सुटला तर मला दुसरं येतं काय? घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

गेलो दवाखान्यात. सोबत आमची ही. डॉक्टर विचारणार मला, उत्तर देणार ही. महिना कोणता विचारलं, तर मी तोंड उघडेपर्यंत हिने तारीख-वारासकट सांगून टाकलं. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, खुर्ची, घोडा, चावी. मला दोन आठवले, घोडा हिने आणला, आणि वर विचारते, "यांना लग्नाची तारीखही आठवत नाही, त्यावर काही गोळी आहे का?"

मग जीभ काढा, बोटाकडे बघा, मान हलवू नका... आणि मग मला म्हणतात, "गाल फुगवा." मला! अहो, ते वाक्य माझं! 'गाल फुगवा, मान वर' एवढ्या दोन वाक्यांवर संसार केलाय मी!

पुढे तळपायावर किल्ली ओढली, घोट्यावर गुणगुणणारा चिमटा टेकवला, डोळे मिटून उभं केलं, टाचेला पंजा लावत फरशीच्या रेघेवरून चालवलं. ही बाजूने, "अहो, सरळ चाला, घरी चालता तसं नको." शेवटी न राहवून म्हटलं, डॉक्टर, थरथरतो हात माझा, तुम्ही पायाच्या मागे का लागलात? तर म्हणाले, "दिवा लुकलुकला म्हणून नुसता दिवाच बघायचा का? मीटर मेंदूत, वायरिंग पाठीत. करंट सगळीकडे पोचतोय का, ते बघावं लागतं." आता हे पटलं हो, काय करता!

सगळ्यात शेवटी आला हात. मांडीवर ठेवला, गप्प. पुढे धरला, थरथर. वडिलांचं असं होतं का, विचारलं. उत्तर अर्थात हिने दिलं, सासऱ्यांचा निम्मा चहा सदऱ्यावर जायचा म्हणून. डॉक्टर हसले. "मोठा आजार काही नाही. घराण्यातून आलेली थरथर आहे, काळजीने वाढते. गोळी देतो. निर्धास्त वस्तरा धरा."

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढी बोलकी बायको, तिनेही पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, डॉक्टर, शनिवारी फक्त खुर्चीत बसा आणि गळा वर करा. चार लोक बघतील, माझी गिऱ्हाइकं परत येतील. फुकट करतो!

डॉक्टरांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला.

तरी माणूस नेमाचा पक्का, शनिवार चुकवत नाही. येतात, केस कापून घेतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. दाढीचं विचारलं की म्हणतात, "जरा वाढवतोय." जरा? छातीवर आलीय! पेशंटची पोरं बघून रडतात म्हणे.

परवा टॉवेल बांधताना मी सहज म्हटलं, डॉक्टर, गाल फुगवा... तर दोन्ही पाय टुणकन उडाले! हातोडीबितोडी काही नाही, नुसत्या शब्दावर!

मी आपला म्हटलं, "उत्तम." दुसरं काय म्हणणार?