नाकवाल्याच्या खोलीत मीटर

नाही हो ताई, मीटरवर राग नाही माझा — बसवा, खुशाल बसवा, तुमचं कामच ते — फक्त तो खोका पाइपावरून उचला, ओल लागेल. एवढंच म्हणतो, अख्ख्या शहराचं सांडपाणी बारा वर्षं या नाकानं पास केलंय. नाकवाले म्हणतात मला! गेटवरच्या वॉचमनला विचारा — विचारलंत? हसला असेल. हसू दे लेकाचा.

सोपं आहे बघा. सांडपाण्यात अमोनिया असतो — कुठून म्हणजे? आपल्याच संडास-मोऱ्यांतून, त्यात लाजायचं काय! — तो तसाच नदीत गेला की मासे पटापट मरतात. म्हणून टाकीत हे पत्रे उभे केलेत. त्यांतून करंट सोडायचा, पाण्यात थोडं मीठ, मिठाचा होतो क्लोरीन, तो अमोनियाला फोडतो, उरतो साधा नायट्रोजन, तुमच्याआमच्या हवेतला. झालं! करंट कमी पडला तर अमोनिया राहतो, जास्त झाला तर क्लोरीन वर येतो, इथं, खोलीत. मधलं माप कोण धरणार? लॅबचा कागद येतो दोन दिवसांनी, तोवर पाणी कुठल्या कुठं! म्हणून मी. टाकीवर वाकायचं, एक श्वास, आकडा सांगायचा. आणि आता साहेब म्हणतात, अमोनिया मोजणारं मीटर आलं की खोलीत माणूस कशाला, यांना स्टोअरला पाठवा. स्टोअरला! मला!

तसा — कुणाला बोलू नका हं — गेल्या वर्षीच्या तापात वास जरा गेलाच. जरा म्हणजे — घरी दूध करपलं, पातेलं काळंठिक्कर, आणि मी शेजारीच भाजी निवडतोय. बायको म्हणाली, नाक आहे की शोभेची वस्तू? मग काय, लेकीच्या माशांच्या टाकीची एक बाटली असते, त्यातले थेंब पाण्यात टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. ती आणतो खिशातून. आधी गुपचूप थेंब टाकून बघायचं, मग सगळ्यांसमोर वाकून हा मोठा श्वास! वर्षभर कुणाला पत्ता नाही. लेक मात्र म्हणते, बाबा, ही बाटली इतक्या लवकर संपतेच कशी?

हसताय? हसा, हसा. — खोकताय का हो? सर्दी? अहो, डोळ्यांतून पाणी — वास येतोय? कसला? झोंबतोय? — मला नाही येत. मला काहीच येत नाही. अरे देवा — सकाळी करंट मीच वाढवला, तुमच्या मीटरात पहिल्याच दिवशी अमोनिया शून्य दिसावा, साहेबांपुढे माझी लाज राहावी म्हणून — बाहेर व्हा! सामान राहू दे! करंटचा खटका दाराबाहेरच आहे, मी पाडतो — पाडला. पायऱ्या सांभाळा. श्वास घ्या. अजून घ्या.

बसा कठड्यावर. पाणी प्या. बरं वाटतंय? — घाबरलो हो मी. तुम्हाला काही झालं असतं तर कुठल्या तोंडानं — आणि रोज मी एकटाच असतो आत. मला तर कळलंही नसतं.

ते मीटर नुसतं पाण्याचंच का? हवेतला गॅस ओळखून बोंबलणारंही मिळतं ना? मिळतं? मग तेही लिहा कागदावर. साहेबांना मीच सांगतो — करंटचं, थेंबांचं, सगळं. अर्धा तास दार उघडं ठेवा, हवा खेळू दे, मग जा आत. नाही, मी येत नाही आता. स्टोअर तिकडे आहे, गेटच्या बाजूला. जा ताई, तुमचं काम करा.