मामीची कॅप्टन

...नाही, पण लीगची कल्पना माझी होती, शिक्षेची नव्हती! आमच्याकडे काहीही बिनसलं की खापर माझ्यावर फुटतं, म्हणून आधीच सांगते. पण सुटले हो! तुम्हाला सांगते, सुटले!

झालं काय, शिकायला मी लांब होते, आणि परत आले ती मामाचं ड्रायव्हिंग स्कूल सुधारायचंच असं ठरवून. आल्या आल्या काय बघते? इन्स्ट्रक्टर एकमेकांशी बोलतच नाहीत! दिवसभर शिकाऊंवर ओरडून घसे बसलेले, दुपारी डबा उघडायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं. मी म्हटलं, "मामा, संघभावना कुठाय?" मामा म्हणाला, "मागच्या कपाटात बघ."

म्हणून मी फँटसी रेसिंग लीग काढली. सोपं असतं हो! खऱ्या शर्यतीतले चार ड्रायव्हर आपण निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं. ते जितके पुढे येतील तितके आपल्याला गुण, कॅप्टनचे दुप्पट. ते तिकडे जीव धोक्यात घालणार, आपण इकडे खुर्चीत! फक्त पैसे लावायचे नाहीत, हे माझं तत्त्व. तेव्हा रिव्हर्सकाका, म्हणजे आमचे सगळ्यात जुने इन्स्ट्रक्टर, गाडी मागे घ्यायला शिकवतात ते, घसा खाकरून म्हणाले, "मग पहिल्या शर्यतीत जो शेवटचा येईल, त्याने मामींना गाडी शिकवायची."

अहो, मामी गाडी चालवत नाही, गाडीशी भांडते! आमच्या एकूण एक इन्स्ट्रक्टरने हात टेकलेत. आणि नियम मंजूर... एकमताने! मतदान घ्या, मतदान घ्या, म्हणून नाचणारी मीच, आता बोलणार काय?

बरं, निवडीला बसलो तर या लोकांनी भल्याभल्या चॅम्पियनांना नापास केलं! "वळताना आरसा बघितला का यानं? नाही ना? काट!" "आणि हा? एका हाताने स्टेअरिंग? काट!" मी मात्र तत्त्वाने निवडले. ज्यांना कोणी विचारत नाही असे चारही माझे! कुणीतरी विचारायला नको?... मग घरी जाऊन बघितलं, त्यांना का विचारत नाहीत ते. झोप उडाली माझी!

दुसऱ्या दिवशी मामी स्कूलमध्ये आली. "मला शिकवणं ही शिक्षा काय? मीही खेळणार! आणि मला चार नकोत. एकच, आणि तीच कॅप्टन. ती डोक्यावर दिवेवाली. सगळे मागे रांगेत, पुढे जायची कुणाची टाप आहे का?"

"मामी, ती सेफ्टी कार! अपघात झाला की पुढे येऊन सगळ्यांना हळू चालवते. ती शर्यतीत नसतेच."

"नसते, तर पुढे कशी?"

वर म्हणते, "प्रत्येकाच्या मताचा आदर करा, असं तूच लिहिलंस ना फळ्यावर?" लिहिलं गुपचूप. मनात म्हटलं, हिला शून्य, म्हणजे शेवटची हीच. सुटले!

कसली सुटते? शर्यतीच्या दिवशी तिकडे धो धो पाऊस, पहिल्याच वळणावर माझा एक घसरला, तो माझ्याच दुसऱ्याला धडकला, दोघे मिळून तिसऱ्याला घेऊन गेले... आणि अपघात झाला म्हणून कोण आलं मैदानात? मामीची कॅप्टन! पाऊस थांबेना, ती हटेना, सगळे जगज्जेते तिच्यामागे मुकाट रांगेत. मामी पायावर पाय टाकून, "पहिलं कोण?" मामा म्हणतो, "तूच गं." भित्रा! रिव्हर्सकाका म्हणाले, "रेषा जो आधी ओलांडेल तो पहिला. फळ्यावर आहे." म्हणजे तिला दुप्पट गुण, आणि मी तळाला! मी टीव्हीला हात जोडले, तुम्हाला सांगते, जा गं बाई, घरी जा!

आणि शेवटच्या फेरीत तिचे दिवे विझले, ती वळली, बाजूच्या पिटमध्ये, गाड्या थांबतात तिथे!

"अगं, कुठे निघाली? रेषा समोर आहे!"

"तिचं काम झालं, मामी."

"अशी मध्येच टाकून जातात कामं?"

शून्य! आणि माझा उरलेला चौथा खुरडत खुरडत सगळ्यांच्या मागून आला, पण आला हो! एक गुण! खुर्चीवर चढून नाचले मी. सुटले! सुटले!

मग रिव्हर्सकाका हळूच म्हणाले, "शेवटच्याने मामींना शिकवायचं. शेवटच्या मामीच. म्हणजे..."

"म्हणजे मीच मला शिकवणार," मामी म्हणाली. "उद्यापासून. आणि तू शेजारी बसायचंस. तोंड उघडायचं नाही."

आता बसते रोज. शिकवायचं नाही, बोलायचं नाही, काही म्हणजे काही त्रास नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तेवढा भरवसा असतो माणसाला... पण त्या गाड्या मामाच्या जिवापलीकडच्या. त्याने घरची दिलीय.