पन्नासच्या आत

गौतमी : बोर्ड पन्नासचा आहे शंभू, आणि तुम्ही पंचवीसवर. मागचे हॉर्न ऐकू येतायत ना?

शंभू : वाजवू द्या मॅडम.

गौतमी : म्हणूनच कंपनीनं तुम्हाला या ट्रेनिंगला पाठवलंय. चांदे गावाहून हिंजवडीला रोज उशीर. नऊ वर्षं कॅब चालवताय, आत्ताच काय झालं?

शंभू : दिवाळीआदी फुडच्या वळनावर चिमाआजीला उडवलं मी. शेळ्या घिऊन रस्ता वलांडत हुती. मांडी मोडली तिची. तवापासनं रोज लांबनं जातो. ह्या रस्त्यानं आज पयल्यांदा आलोय, तुमी म्हनला म्हनून.

गौतमी : वेग किती होता?

शंभू : अठ्ठेचाळीस. जीपीएसमधी निघालं. हवालदार म्हनला, पन्नासच्या आत हायेस, तुजी चूक न्हाई. मंग चूक कुनाची, म्हातारीची? आता गाव म्हनतंय, तीसचा बोर्ड लावा. सोसायटीवाले म्हनत्यात, आमचा येळ जातोय. तुमीच सांगा, कोन खरं?

गौतमी : तीसचा बोर्ड लागायलाच हवा. पण वळणामागं कोण आहे, हे त्यालाही दिसणार नाही. जेवढा रस्ता दिसतोय, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. आत्ता कुठवर दिसतंय?

शंभू : पार त्या टपरीपोतर.

गौतमी : मग घ्या पन्नास. मोकळा आहे रस्ता... छान. आणि आता?

शंभू : आता बंगल्याची भित आली. ईस-पंचवीस पावलंच दिसतंय. ईसवर घेतो.

गौतमी : बरोबर.

शंभू : मॅडम, त्या दिशी बी ही भित हितंच हुती.

गौतमी : हो.

शंभू : म्हंजी चूक माजीच.

गौतमी : हो शंभू. पण मोकळ्या रस्त्यावर पंचवीसनं जाऊन ती भरून निघणार नाही.

(शंभू गाडी कडेला घेऊन उतरतो. वळणापलीकडच्या ओट्यावर चिमाबाई बसलेली आहे.)

चिमाबाई : कोन, शंभू? लई दिसांनी रं.

शंभू : आजी, पोलीस म्हनले माजी चूक न्हाई, आन मी गप ऱ्हायलो. जोरात हुतो गं मी. वळनावर एवडं जोरात न्हाई यायचं.

चिमाबाई : मला ठावं न्हाई व्हय? तुज्या तोंडनं कदी ऐकाया मिळतंय, ते बगत हुते.

शंभू : काय करू, सांग.

चिमाबाई : हात दे. सून रोज म्हनती, पल्याड लेकीकडं जाऊन ये. पन तवापासनं हा रस्ता वलांडाया पाय उचलत न्हाई बग.