आईचं टीव्हीवरचं मरण

...आणि मारायचंच होतं आईला, तर मारावं, पण निदान आधी सांगावं की नाही? तुम्हीच सांगा! लेकीनं डब्लिनला बसून टीव्हीची मालिका लिहायची, त्यात मुलीचं काम स्वतःच करायचं, आणि शेवटच्या भागात आईला शवपेटीत घालून मोकळं व्हायचं... आणि इकडे गावाकडे, लिट्रिमला, खरी आई, चांगली जितीजागती अ‍ॅट्रॅक्टा गिलहूली, शेजारच्या कन्सेप्टाला मुद्दाम बोलावून, चहा घेत घेत ते बघतेय! आधी सांगायला काय झालं होतं?

तुम्हाला सांगते, या लेकीची, डर्व्हलाची, सगळी कीर्ती त्या आईच्या तोंडावर उभी. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आईचा फोन. "अगं, त्या म्हाताऱ्याच्या प्रेताला टाय असा बांधला होता ना, तो बघूनच मेला असेल बिचारा!" इकडे आई बोलतेय, तिकडे लेक उतरवून घेतेय, आणि पुढच्या वर्षी तेच वाक्य टीव्हीवर! अख्खा देश हसतोय, समीक्षक म्हणतायत, काय हिची प्रतिभा! प्रतिभा कसली... टेलिफोन!

तर तो भाग लागला आणि रविवारचा फोन आलाच नाही. हिनं केला, तर आईनं उचलून ठेवून दिला. पकडली बस, निघाली गावाला, आणि वाटभर स्वतःलाच, आधी सांगायला काय झालं होतं, काय झालं होतं...

घरी पोचते तर काय? भर दुपारी पडदे ओढलेले, आरशावर चादर, घड्याळ थांबवलेलं... तिकडे मयताच्या घरी करतात तसं सगळं! धावत स्वयंपाकघरात गेली, तर अख्खा गाव हॅमची सँडविचं खातोय, आणि मधोमध खुर्चीत आई बसलीय, एकेकाशी हात मिळवत!

टीव्हीवरच्या मयताला घरी भेटायला यायचं, ही सगळी दुकानदार मॅलकीची टूम. चेहरा लांब करून म्हणतो, "फार वाईट झालं, अ‍ॅट्रॅक्टा."

"झालं खरं, मॅलकी. पण हाल नाही झाले रे. जाहिराती लागायच्या आत आटोपलं."

"आणि शवपेटीत दिसत होतीस किती छान!" कन्सेप्टा.

"दिसणारच. माझाच निळा स्वेटर तो. थंडी वाजते म्हणून नेला होता बाईसाहेबांनी."

झालं! सगळ्या माना वळल्या दाराकडे. धरणीमाते, पोटात घे!

आता मयताच्या घरी चहा द्यायचा कुणी? लेकीनं! दिला बापडीनं. जो तो कप घेतोय आणि हसू दाबत हात दाबतोय, "फार वाईट झालं हो, डर्व्हला. भली होती तुझी आई." मग गेलेल्या बाईच्या आठवणी निघाल्या, गेलेली बाई त्यात स्वतः चुका दुरुस्त करतेय, खो खो हसतेय, प्रत्येकाशी बोलतेय... आणि लेकीशी? एक अक्षर नाही. रिकामा कप नुसता पुढे करायचा, बस्स.

पांगली मंडळी. डर्व्हला सिंकपाशी उभी, हात फेसात.

"आई, चुकले मी. आधी सांगायला हवं होतं. शिव्या घाल हवं तर, पण काहीतरी बोल ना गं!"

आईनं शांतपणे उरलेली सँडविचं झाकून ठेवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. वळून न बघताच म्हणाली,

"मेलेली माणसं बोलत नाहीत, बाळ."

आणि गेली वर.

पोरगी रडली हो, खरंखुरं रडली, कॅमेऱ्यासमोर कधी जमलं नाही तसलं. मारल्याची लाज, स्वेटरची लाज, सगळ्या गावासमोरची लाज... पण सगळ्यात मोठी लाज कसली, सांगू? गालावरून पाणी ओघळतंय, आणि मनात पहिलं काय यावं? "अगं बाई, काय वाक्य टाकलंय!" आणि ओला हात आपला पेन शोधतोय...

आता बोला! काय करायचं असल्या पोरीचं?