येताना प्लेट आणा

बेरिल : म्हणजे डॉक्टरने तुला सरळ विचारलं, तुमच्या घरात आणखी कोणी असं आहे का म्हणून?

लीअन : हो, आत्या. माझ्या टेसला ऑटिझम आहे म्हणाला आणि लगेच हेच विचारलं. पुष्कळदा घराण्यात चालत येतं म्हणे.

बेरिल : मग तू काय सांगितलंस?

लीअन : कोणी नाही, असं सांगितलं.

लिंडसे : बरोबर. कोणी नाही.

लीअन : मला तेव्हा खरंच तसं वाटलं, बाबा. सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, बघा, यांच्यात नाही, आमच्यात नाही, म्हणजे आईनेच पोरीला बिघडवलंय. आता टेसला पुढच्या टर्मपासून मिल्ड्युराला स्वतःच्या घरी ठेवणार म्हणतायत. वळण लावायला. आणि क्रेग, नवरा असून, नुसता बसून होता.

बेरिल : त्या बाईने आधी आपल्या लेकाला वळण लावावं. पोरीने केलं तरी काय?

लीअन : शाळेत बाई म्हणाल्या, मी येईपर्यंत इथून हलू नकोस. आणि विसरल्या. मी आणायला गेले तर टेस भर उन्हात बाकावर. ओठ सुकलेले. नळ समोरच होता. सासूबाई म्हणतात, हट्टी आहे.

लिंडसे : हलू नकोस असं सांगितलं होतं ना?

लीअन : हो.

लिंडसे : मग बरोबर केलं तिने.

बेरिल : ऐकलंस? हा आमचा भाऊ. अगदी आईवर गेलाय. लीअन, एडना आजीच्या प्लेटची गोष्ट ठाऊक आहे ना तुला?

लीअन : दर नाताळात सांगता तुम्ही.

बेरिल : गव्हाची कापणी झाली की गावच्या हॉलमध्ये जेवण असायचं. बायकांना निरोप यायचा, येताना प्लेट आणा. म्हणजे केक, सँडविच, काहीतरी करून आणा. शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आमची आई, इथेच जन्मली, इथेच वाढली, ती गेली रिकामी प्लेट घेऊन. चांगली घासूनपुसून. मला अजून हसू आवरत नाही.

लिंडसे : मी होतो तिच्याबरोबर.

बेरिल : तू? कधी बोलला नाहीस ते.

लिंडसे : कोणी विचारलं नाही. प्लेट माझ्या हातात होती. मीच टेबलावर ठेवली. बायका हसल्या. त्या हसतायत म्हणून आईही हसली. घरी येताना मला म्हणाली, लिंडसे, तिच्यात काय ठेवायचं होतं रे? मलाही माहीत नव्हतं. पुन्हा ती हॉलमध्ये गेली नाही.

बेरिल : ती गुडघ्यांमुळे जात नव्हती.

लिंडसे : गुडघे चांगले होते तिचे. म्हातारपणीसुद्धा कुंपणाच्या तारा ताणायची.

(बेरिल चहा ओतते.)

बेरिल : आणि मी एवढी वर्षं टेबलावर सगळ्यांना हसवतेय. मला थांबवायचंस तरी.

लिंडसे : मी तेव्हा शेडमध्ये जातो.

लीअन : म्हणून जाता? मला वाटायचं, आम्ही आलेलं तुम्हाला आवडत नाही.

लिंडसे : आवडतं. आवाज फार होतो, एवढंच.

लीअन : मला काहीच वाटत नाहीये, बाबा. रडू नाही, राग नाही. हॉर्शमहून गाडी चालवत आले, रस्त्यात काय लागलं ते आठवत नाही. आतून बधिर झालंय सगळं. डॉक्टर म्हणाला, हवं तर तुमचीही तपासणी करू. मी म्हटलं, बघू.

लिंडसे : तुझी आई गेली तेव्हा माझंही तसंच झालं. लोक म्हणाले, माणूस आहे की खांब. वाटतं नंतर. उशिरा वाटतं. मला पेरणीच्या वेळी वाटलं, ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर थांबवावा लागला.

बेरिल : मग हे माझ्यातही असेल का गं?

लीअन : कुणास ठाऊक, आत्या. एकाच घरात कोणात दिसतं, कोणात नाही. अमक्याकडून आलं, असं बोट दाखवता येत नाही म्हणे.

लिंडसे : दाखवायचंच असेल तर माझ्याकडे दाखव.

लीअन : मला कोणाकडेच दाखवायचं नाही. डॉक्टरने गुरुवारी परत बोलावलंय. क्रेग असेल, सासूबाई असतील. मी सांगितलं तर म्हणतील, आता गोष्टी रचतेय. तुम्ही येऊन सांगाल? आजीचं, तुमचं? नाहीतर ते टेसला नेतील, बाबा.

लिंडसे : मी गाडीत बसलो तर चालेल?

लीअन : नाही. आत यावं लागेल. बोलावं लागेल.

बेरिल : मी बोलते हवं तर. मला बोलायला काय.

लिंडसे : तू नको. तू हसवशील. तिथे ट्यूबलाइट आहेत?

लीअन : आहेत. गुणगुणतात.

लिंडसे : बरं. मग बुधवारी जाऊन ती खोली बघून येतो. नुसती बघून. कुठे बसायचं ते कळलं की बोलता येईल.

लीअन : टेसला घेऊन जाल बरोबर? तिलाही आधी खोली बघावी लागते.