कपाटातली दांडी

सुताराच्या दुकानात आपला नंबर येईपर्यंत मास्तरांनी पुस्तकात डोकं खुपसलं होतं; कान मात्र पुढच्या म्हाताऱ्या नवराबायकोकडे होते.

"नव्या घरातलं कपाट ना, काका? मग कपड्यांची दांडी सहा फुटांवर घेतो."

"घ्या."

"नको, चारवर घ्या. माझा हात पोचत नाही."

"काकू, तुम्ही तर काकांपेक्षा उंच!"

"नुसती दिसते."

"अगं, कालच माळ्यावरचा डबा काढलास की!"

"तुम्ही गप्प बसा हो. कपाट कोण आवरणार, तुम्ही की मी?"

"पण काकू, लांब कपडे तळाला लोळतील."

"लोळू देत."

"मिस्त्री, टेप आणा इकडे. माझा उजवा हात मोजा. आजारपणापासून एवढाच वर जातो."

"अहो, कशाला..."

"किती भरलं?"

"चार फूट दोन इंच, काका."

"लिहा. हिची दांडी सहावर, माझी चार-दोनवर. आणि तू गं, चाळीस वर्षं झाली, अजून तुला धड खोटं बोलता येत नाही."

"तुम्हाला तरी कुठं येतंय? रोज सदरा माझ्याकडून घालून घेता आणि म्हणता, आज जरा आळस आलाय."